'तेवढं जरा बघून घे' अशा कामांचा हिशोब तुम्ही कसा ठेवता?

पिंपळपान | सोमवार, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज जीव जळतोय म्हणून लिहायला बसलेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी भोसरी एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात कामाला आहे. तीसेक माणसं, सीएनसी आणि व्हीएमसी मशीनवर गाड्यांचे सुटे भाग बनतात, काही प्लेटिंगला (वर मुलामा चढवायला) बाहेर जाऊन परत येतात, काही थेट पार्टीकडे. माझ्या अपॉइंटमेंट लेटरवर 'ऑफिस असिस्टंट' लिहिलंय आणि खाली एक ओळ, 'वेळोवेळी सांगण्यात येतील ती इतर कामे'. सहा वर्षं झाली, माझी सगळी नोकरी त्या एका ओळीत चाललीय. इन्व्हॉइस मी, ई-वे बिल (माल वाटेत असताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) मी, जॉबवर्कची (बाहेर करून घ्यायच्या कामाची) चलनं मी, हजेरी मी, पीएफचं सीएकडे पाठवायचं मी, कॅन्टीनवाल्याचा हिशोब मी, एसी बंद पडला तर मेकॅनिकला फोन मी, शेठच्या आईची औषधं संपली की तीही मीच मागवते. कामाला माझी कधीच ना नव्हती आणि आजही नाहीये. पण यातलं माझं नेमकं कुठलं, आणि माझं कुठे संपतं आणि दुसऱ्याचं कुठे सुरू होतं हे आमच्यात कुणालाच सांगता येणार नाही, मलासुद्धा.

गेल्या आठवड्यात काय झालं ते सांगते. वाळूजला माल निघाला. १,८०,००० चा माल आणि वर १८ टक्के जीएसटी. ई-वे बिल मी दुपारीच काढलं, पार्ट बीमध्ये, म्हणजे बिलाच्या गाडीच्या भागात, टेम्पोचा नंबर टाकला, प्रिंट ड्रायव्हरच्या हातात दिली. रात्री शिरूरच्या पुढे टेम्पोचा क्लच गेला. ट्रान्सपोर्टवाल्याने दुसरी गाडी पाठवली, माल तिच्यात भरला, आणि ड्रायव्हरने नव्या गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो आमच्या डिस्पॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, रात्री ११.२० ला. नुसता फोटो, एक अक्षर नाही. सकाळी मी फोन हातात घेतला तेव्हा त्या फोटोच्या खाली सत्तावीस मेसेज होते, गुड मॉर्निंगची फुलं, कुणाच्यातरी मुलाचा वाढदिवस, त्यावर सगळ्यांचे केक. तपासणीत गाडी अडवली, बिलावर नंबर वेगळा आणि उभी असलेली गाडी वेगळी. कराच्या दोनशे टक्के दंड, म्हणजे ३२,४०० चे ६४,८००.

शेठ एवढंच म्हणाले, "ते तूच बघतेस ना?" डिस्पॅचचे काका म्हणाले, "मी ड्रायव्हरला ग्रुपवर टाकायला सांगितलं होतं." ड्रायव्हर म्हणाला, "मी टाकलं." यातलं खोटं कुणीच बोलत नव्हतं हो, आणि म्हणूनच जास्त लागलं.

तर प्रश्न असा आहे. आमच्याकडे एचआर नाही, कामाची वाटणी लिहून मिळणार नाही, सॉफ्टवेअरला पैसे मिळणार नाहीत (एकदा एक बोर्डवालं ॲप आणलं होतं, आठव्या दिवसापासून ते मी सोडून कुणी उघडलं नाही). माझ्याकडे आहे काय तर माझा फोन, ऑफिसचा कॉम्प्युटर, व्हॉट्सॲप आणि जीमेल. एवढ्यात तुम्ही कसं निभावता? कुणी काही बसवलं असेल तर अगदी बारीकसारीक सांगा, मोठमोठी नावं नकोत.

—

रानजाई | सोमवार, रात्री ११.३२

बाई गं, वाचून पोटात गोळा आला. 'जरा' हा शब्द आला की समजायचं आता दोन तास गेले. मी कोल्हापुरात एका दूध संस्थेच्या ऑफिसात आहे, कथा तीच.

माझं साधं आहे. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज पाठवता येतो ना, ती चॅट मी सगळ्यात वर पिन करून ठेवलीय. कुणी चालता चालता काही सांगितलं की तिथल्या तिथे, त्यांच्या समोरच, फोन काढून टाइप करते. समोरच्यालाही दिसतं की हिने लिहून घेतलं. झालं की त्या ओळीला रिप्लाय करून 'झालं' लिहिते. संध्याकाळी निघताना वरपासून खाली बघायचं, रिप्लाय नाही ती उद्याची. चार वर्षं चाललंय. पण हे फक्त माझ्या डोक्यासाठी, दुसऱ्याला त्यातलं काही दिसत नाही, तुझा प्रश्न यानं सुटेल असं वाटत नाही.

—

घाटवाट | मंगळवार, सकाळी ७.१५

मी अकाउंट्स आणि जीएसटीचं काम करतो त्यामुळे आधी दंडाचंच बोलतो.

नंबरात एक-दोन आकडे चुकले असते तर केंद्राचं २०१८ चं परिपत्रक आहे, सप्टेंबरमधलं, किरकोळ चुकीला ५०० सीजीएसटी (केंद्राचा) आणि ५०० एसजीएसटी (राज्याचा) एवढ्यावर भागतं. पण अख्खी गाडीच वेगळी म्हटल्यावर ते लागू होणं अवघड. आता पुढच्यासाठी दोन गोष्टी लक्षात ठेवा. गाडी वाटेत बदलली तर नवीन बिल काढायचं नसतं, त्याच बिलाच्या पार्ट बीमध्ये नवा नंबर टाकायचा, दोन मिनिटांचं काम आहे, आणि ते माल पुढे हलायच्या आधी व्हायला पाहिजे. आणि मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजतात, भोसरी ते वाळूज त्याच्या वर जातं म्हणजे तुम्हाला दोन दिवस मिळाले असणार. गाडी रखडून मुदत संपत आली तर संपायच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंत ती वाढवून घेता येते, त्यानंतर नाही.

आता तुमच्या कामाची गोष्ट. ई-वे बिलच्या पोर्टलवर सब-यूजर करता येतो. मुख्य लॉगिन तुमच्याकडेच राहू द्या आणि डिस्पॅचच्या काकांना वेगळं लॉगिन काढून द्या, त्यात त्यांना काय करता येईल तेही तुम्हीच ठरवायचं, गाडीचा नंबर बदलायला लागतो तेवढाच अधिकार द्या. ट्रान्सपोर्टवाल्याचा ट्रान्सपोर्टर आयडी बिलात टाकला तर त्यालासुद्धा पार्ट बी बदलता येतो. तुमच्याकडे एकच पासवर्ड एकाच बाईकडे आहे, आणि ती बाई रात्री ११.२० ला झोपलेली असणार, झोपायलाच पाहिजे. बाकी धाग्यावर लोक चर्चा करतील पण हे उद्या सकाळी करून टाका.

—

कंदीपेढा | मंगळवार, दुपारी १.०५

मी जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेवर आहे, पाटण तालुक्यात. आमच्याकडे तर कायदाच सांगतो की काय करायचं नाही. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २७, दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. तरी यूडायस (शाळेची माहिती भरायचं पोर्टल) आहे, पोषण आहाराची रोजची नोंद आहे, शालार्थवरची (पगाराच्या पोर्टलवरची) बिलं आहेत, आणि 'आज १२ वाजेपर्यंत माहिती द्यावी' असा मेसेज ११.१५ ला येतो तोही आहेच. चौथीची पोरं भागाकारात अडकलेली असतात आणि माझ्या खिशात फोन थरथरत असतो, याचं वाईट फार वाटतं, असो.

मला उपयोगी पडलेल्या दोन सवयी सांगतो.

पहिली म्हणजे फोनवर कुणी काही सांगितलं की फोन ठेवल्या ठेवल्या त्याच माणसाला एक ओळ टाकतो. 'सर, आता बोलल्याप्रमाणे तांदळाचा शिल्लक साठा उद्या दुपारी ३ पर्यंत पाठवतो, गणवेशाची माहिती दुसऱ्या सरांकडून जाईल, बरोबर ना?' बस. उत्तर 'हो' आलं तर ठरलं, 'नाही ती पण तुम्हीच द्या' आलं तरी ठरलं. आणि काहीच नाही आलं तर माझी ओळ तरी तिथे राहते. भांडायचा सूर अजिबात ठेवायचा नाही, अगदी नम्र, कारण शेवटी रोज त्याच माणसांबरोबर काम करायचंय. आधी अवघडल्यासारखं व्हायचं, वाटायचं यांना वाटेल मी पुरावा गोळा करतोय. पण वर्षभरात उलटं झालं, आता केंद्रप्रमुख स्वतःच म्हणतात, "गुरुजी, ती ओळ टाका म्हणजे माझ्याही लक्षात राहील."

दुसरी सवय म्हणजे फाइलचं नाव. व्हॉट्सॲपवरून आलेल्या पीडीएफला आकड्यांचं लांबलचक शेपूट असतं, महिन्याभराने शोधून सापडत नाही. मी आल्याबरोबर नाव बदलतो, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग दोन शब्द विषय. या क्रमाने लिहिलं की फोन आपोआप तारखेप्रमाणे लावतो. शासन निर्णय असेल तर त्यावरचा संकेतांकही नावात टाकतो.

आमच्याकडे रेंज फक्त शाळेमागच्या टेकाडावर येते त्यामुळे गुगल शीट 'ऑफलाइन' करून ठेवलंय, दिवसभर भरायचं, संध्याकाळी टेकाडावर गेलं की चढतं.

—

उंबरठा | मंगळवार, रात्री ९.४०

चौदा वर्षं पुण्यात एचआरमध्ये काढलीत, त्यातली पाच अशाच छोट्या कारखान्यात. ताई, खरं सांगते, 'इतर कामे' ही ओळ मी स्वतः कितीतरी लेटरमध्ये टाकलीय. ती वाईट हेतूने टाकलेली नसते. तीस माणसांच्या जागेत उद्या काय उपटेल ते मालकालाही माहीत नसतं. त्यामुळे त्या ओळीशी भांडून काही मिळणार नाही. तुम्ही वाटणी लिहून मागू नका, तुम्हीच ती लिहायला लागा, आणि तीसुद्धा आधी बसून विचार करून नाही, रोज जे घडतंय त्यातून.

एक गुगल शीट करा. रकाने कमी ठेवा, जास्त केलेत तर दुसऱ्या आठवड्यात तुम्हीच कंटाळाल. तारीख. काम काय. कोणी सांगितलं. कधीपर्यंत. आता कोणाकडे अडकलंय. झालं की टिक. यातले 'कोणी सांगितलं' आणि 'कोणाकडे अडकलंय' हे दोन सगळ्यात मोलाचे. बाकी कामाची यादी सगळेच करतात, पण काम तुमच्याकडे आलं कुठून आणि तुमच्या हातातून गेलं की थांबतं कुठे, हे दोन-तीन महिने लिहिलं तर तुमच्या नोकरीचा खरा नकाशा तयार होतो. तो नकाशा घेऊन मालकासमोर बसायचं. तेव्हा तुम्ही तक्रार करत नसता, त्यांना दाखवत असता.

आता सावधगिरीच्या गोष्टी, या नीट वाचा. शीट तुमच्या स्वतःच्या जीमेलवर करू नका, ऑफिसच्या खात्यावर करा, उद्या तुम्ही नसलात तरी ती तिथे राहायला हवी आणि तुमच्या खासगी फोटोंशेजारी कंपनीचा हिशोब नको. शेअर करताना 'लिंक असलेल्या कुणालाही' असं चुकूनही ठेवू नका, नावानिशी द्या. कामगारांचे आधार, बँकेचे नंबर या शीटमध्ये आणूच नका. आणि पीएफसाठी शेठचं डिजिटल सिग्नेचरचं टोकन आणि त्याचा पिन तुमच्या ड्रॉवरमध्ये असेल, बहुतेक असणारच, तर ते त्यांच्या हातात द्या. सही त्यांची आहे, त्यांच्यासमोर व्हायला हवी. लोक विश्वासाने देतात आणि आपण मोठेपणाने घेतो, पण ते ओझं आपलं नाही.

—

पिंपळपान | बुधवार, सकाळी ८.२०

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री धागा नवऱ्यालाही वाचून दाखवला.

घाटवाट, सब-यूजरचं मला सहा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आज करतेच. उंबरठाताई, टोकन माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे, पिन पाठीमागे चिकटवलेल्या कागदावर. आता लिहितानाच अंगावर काटा आला.

एक शंका, शीट भरायला वेळ कधी काढायचा? दिवसातून तीस वेळा कुणीतरी काहीतरी सांगतं. बोलून टाइप करायला गेले तर कॉम्प्रेसर चालू असला की फोनला काही ऐकूच येत नाही.

—

रानजाई | बुधवार, सकाळी ९.०२

मी म्हटलं ते इथे कामाला येईल बघ. दिवसभर स्वतःच्या चॅटमध्ये दोन-दोन शब्द टाकायचे, 'प्लेटिंग चलन काका', एवढंच. जेवणानंतर एकदा आणि निघताना एकदा तिथून शीटमध्ये. वीस मिनिटं. चॅट ही कच्ची वही, शीट ही पक्की.

—

कातळसडा | बुधवार, रात्री १०.१५

सगळ्यांचं वाचलं, पटलं नाही म्हणून लिहितोय, राग मानू नका.

मी रत्नागिरीचा, आता गोव्यात एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. मीही अशीच शीट केली होती दोन वर्षांपूर्वी, फार मन लावून. मॅनेजरने बघितली आणि खूश झाला, आणि त्या दिवसापासून सगळी सुटी कामं माझ्याकडे यायला लागली, कारण याच्याकडे टाकलं की हरवत नाही हे सगळ्यांना कळलं. लाँड्रीच्या तक्रारी माझ्याकडे, पूलच्या पंपाचा एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) माझ्याकडे. वर कुठलं काम चार दिवस लाल राहिलं की तीच शीट माझ्यासमोर धरायचे. ज्यांनी काहीच लिहिलं नव्हतं त्यांना कुणी काही विचारलं नाही. पगार तोच राहिला.

त्यामुळे माझं म्हणणं, जिथे वरचा माणूस ऐकणारा नाही तिथे हे करू नका. स्वतःच्या डोक्यासाठी ठेवा, दाखवू नका.

—

उंबरठा | बुधवार, रात्री ११.००

कातळसडा, तुमचं खोडून काढण्यासारखं नाहीच, हे होतं, मी होताना पाहिलंय. तुमच्या शीटमध्ये एक गोष्ट नव्हती असा माझा अंदाज, 'कोणाकडे अडकलंय'. ते नसलं की चार दिवस लाल राहिलेलं काम ज्याची शीट त्याचंच दिसतं. पंपवाल्याचं कोटेशन मॅनेजरच्या सहीसाठी पडलं असेल तर त्या रकान्यात मॅनेजरचं पद दिसायला हवं होतं.

आणि दुसरं, दाखवायची वेळ निवडावी लागते. रोज दाखवली तर ती हजेरी होते. तीन महिन्यांतून एकदा, चहाच्या वेळी, छापून.

—

कातळसडा | गुरुवार, सकाळी ७.३०

होय, तो रकाना नव्हता. हे मान्य. तरी सांगतो, ताई, माणूस बघून करा.

—

पिंपळपान | पाच आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ६.१०

धागा वर आणतेय, कारण तुम्ही एवढं मनापासून लिहिलंत तर काय झालं ते सांगणं माझं काम आहे.

आधी जे चाललं नाही ते. गुगल फॉर्म केला होता, त्याचा क्यूआर कोड छापून पॅकिंगच्या टेबलावर चिकटवला, म्हटलं शॉपफ्लोअरवरची माणसं काम सांगायचं असलं की फोनने भरतील. पाच आठवड्यांत तीन जणांनी भरला, त्यातला एक माझ्याच सांगण्यावरून. हात तेलकट असतात, कूलंटचे असतात, त्या हातांनी कोण फॉर्म भरणार, माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. तो कागद काढून टाकला.

कॅलेंडरमध्ये सगळ्या तारखा टाकल्या. ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, १५ ला पीएफ आणि ईएसआयसी, २० ला ३बी (१ आणि ३बी ही जीएसटीची रिटर्नं), आमचं महिन्याचं रिटर्न आहे त्यामुळे हे दर महिन्याला. फेब्रुवारीत प्रोफेशन टॅक्स २०० ऐवजी ३०० कापायचा असतो, तो दरवर्षी कुणीतरी विसरायचं, तोही टाकला. पण पहिल्याच महिन्यात अडखळले. आमच्या भागात गुरुवारी लाइट बंद म्हणून कारखान्याला सुट्टी असते आणि तारीख नेमकी गुरुवारी आली. आठवण घरी वाजली आणि टोकन कारखान्यात. शेवटी शेठना फोन केला, ते स्वतः जाऊन घेऊन आले. आता प्रत्येक तारखेची आठवण दोन दिवस आधीची आहे आणि त्या निमंत्रणात शेठ आणि सीए दोघंही आहेत, म्हणजे आठवण तिघांना जाते, माझ्या एकटीच्या फोनमध्ये राहत नाही. टोकन शेठच्या टेबलाच्या खणात गेलं, पिनचा कागद मी त्यांच्यासमोर फाडला.

व्हॉट्सॲपचं सांगते. डिस्पॅचचा जुना ग्रुप तसाच ठेवला, फुलं आणि केक तिथेच, लोकांना त्याचाही आधार असतो. वेगळा ग्रुप केला, नाव 'गाडी', आत फक्त चौघं, मी, काका, स्टोअरचा मुलगा आणि ट्रान्सपोर्टवाल्याचा माणूस. त्याच्यात एकच नियम, तो पिन करून ठेवलाय आणि ३० दिवसांनी पिन सुटला की परत करते: गाडी बदलली तर नंबर अक्षरांत लिहायचा, फोटो नाही, आणि नंतर काकांना फोन करायचा, काका उठेपर्यंत.

हो, काकांना. हे कसं झालं ते जरा सविस्तर सांगते.

सब-यूजर मी बुधवारीच केला होता पण काका लॉगिन घ्यायला तयार नव्हते. साठीला आलेत, म्हणाले, "पोरी, मला त्या कॉम्प्युटरचं नको, चूक झाली तर पुन्हा माझ्या डोक्यावर." मी आग्रह केला नाही. शीट भरत राहिले. पाच आठवड्यांत १४३ ओळी झाल्या. मागच्या शनिवारी 'कोणी सांगितलं' रकान्यावर फिल्टर लावून छापून काढली आणि चहाच्या वेळी शेठसमोर ठेवली. कातळसडा, तुमचं वाक्य डोक्यात होतं, हात गार पडले होते. मी एवढंच म्हटलं, "सर, मी काय काय बघते ते लिहिलंय, एकदा नजर टाका."

त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. मला वाटलं होतं चाळतील. पंधरा मिनिटं वाचत होते, चहा गार झाला. मध्ये एकदा विचारलं, "हे आईच्या औषधांचं नऊ वेळा?" मी हो म्हटलं. मग 'कोणाकडे अडकलंय' वर बोट ठेवून खाली आले, तिथे बावीस ओळींवर त्यांचंच नाव होतं, चेकवर सही, रेट मंजूर करणं, असलं. काही बोलले नाहीत. खिशातलं पेन काढलं आणि औषधांच्या ओळीवर काट मारली, बाजूला स्वतःचं नाव लिहिलं. एसी, पाण्याचा टँकर, सीसीटीव्हीवाला या ओळींसमोर स्टोअरच्या मुलाचं नाव लिहिलं. आणि वाळूजच्या गाडीच्या ओळीवर थांबले. "पार्ट बी काकांकडे असायला पाहिजे ना?" मी म्हटलं, लॉगिन केलंय सर, पण त्यांना भीती वाटते. तर त्यांनी काकांना वर बोलावलं आणि माझ्यासमोर म्हणाले, "काका, चूक झाली तर माझ्याकडे या, हिच्याकडे नाही आणि तुमच्या डोक्यावरही नाही." काकांनी मान हलवली. सोमवारी दुपारी मी त्यांना शेजारी बसवून शिकवलं. पायऱ्यांचे स्क्रीनशॉट काढले, प्रत्येकावर फोनमध्येच लाल बाण काढून मराठीत दोन शब्द लिहिले, 'इथे दाबा', 'इथे नवा नंबर', आणि सहा फोटो क्रमाने त्यांना पाठवून ठेवले. बोटं जाड, किबोर्ड छोटा, एम एचच्या जागी दोनदा एन एच पडलं, पण तिसऱ्यांदा नीट आलं.

कंदीपेढा गुरुजी, तुमची 'बरोबर ना?' वाली ओळ मी आता सगळीकडे वापरते. प्लेटिंगवाल्याबरोबर तर फारच उपयोग झाला. जॉबवर्कला गेलेला माल वर्षाच्या आत परत यावा लागतो, नाहीतर पाठवल्या दिवसापासून विक्री धरतात, आणि आमचे दोन लॉट तिकडे आठ महिने पडून होते. फोनवर ते 'पाठवतो की' म्हणायचे. ओळ टाकली, तारखेसकट, आणि त्या तारखेला माल आला.

पगार वाढला नाही अजून, ते मार्चमध्ये बघू. कॅन्टीन माझ्याकडेच आहे, ते कुणी घेतलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं, कोण जेवलं कोण नाही ते कळतं.

—

घाटवाट | रविवार, रात्री ८.३०

वा! काकांचं लॉगिन आलं हे ऐकून फार बरं वाटलं. त्यांचा पासवर्ड त्यांच्याकडेच राहू द्या, तुम्ही लक्षात ठेवू नका.

—

कातळसडा | रविवार, रात्री ९.१२

ताई, वाचून आनंद झाला. मी 'कोणाकडे अडकलंय' टाकून परत सुरू करून बघतो. छापायची हिंमत व्हायला मात्र वेळ लागेल.

—

रानजाई | रविवार, रात्री ९.२०

पण खरंच रात्री गाडी बदलली का त्यानंतर कधी? काकांनी केलं का?

—

पिंपळपान | रविवार, रात्री ९.४५

हो, शुक्रवारी. वाळूजचीच गाडी, या वेळी नगरच्या अलीकडे पंक्चर, आणि स्टेपनी पण बसलेली. मी बहिणीकडे बार्शीला गेले होते, तिचं बाळंतपण आहे, फोन बाजूच्या खोलीत चार्जिंगला. सकाळी उठून बघितलं तर 'गाडी' ग्रुपवर ११.०५ ला ट्रान्सपोर्टवाल्याने नवा नंबर अक्षरांत लिहिलेला, आणि त्याखाली ११.३१ ला काकांचा स्क्रीनशॉट, पार्ट बीचा, नंबर बरोबर. त्याखाली काकांनी टाइप केलं होतं, "झालं पोरी झोप".